बरी म्हणजे किती

डॉ. धर्मा भोईर यांना मांजरे आवडत नसत. हे आरंभीच सांगितलेले बरे. त्यांच्यामागे लोकांनी त्यांना भूतदयेचा पुतळा करून ठेवले आहे, आणि ते तसे नव्हते. बदलापूरच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात त्यांची नोकरी झाली. दिवस म्हशींच्या गोठ्यांत जाई. मांजरे ते संध्याकाळी, हेंद्रेपाड्यातल्या आपल्या घराच्या ओटीवर पाहत, आणि तीही कपाळाला आठी घालून.

"मांजर दुखणं लपवतं," ते म्हणत. "लपवणाऱ्याचा मला राग येतो."

ते खाडीकाठच्या आगरी घरातले. वडील मिठागरावर राबलेले. आमच्यासारख्यांशी बोलताना ते शाळेत शिकलेली मराठी वापरत, गोठेवाल्यांशी घरची. एकदा ओटीवर मांजराची टोपली पाहून एका म्हशीवाल्याने टोमणा मारला, "काय डाक्तर, म्हशी सोरून मांजरांच्या मांगं लागलाव काय?"

"म्हस दुखली त बोंबलते," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "मांजार नाय बोंबलत. मंग कान कोनाला लावाचा? तुज्या म्हशीला, का हिला?"

ठेंगणा, रुंद बांधा. अंगात अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, त्याला दोन खिसे. डाव्या खिशात कागदात गुंडाळलेले दाढीचे पाते. त्याने ते गोळ्यांचे तुकडे करीत. उजव्या खिशात पट्टा नसलेले घड्याळ. हात म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत घालावा लागत असल्यामुळे मनगटावर घड्याळ बांधायची त्यांना सवयच नव्हती. कोणाच्याही घरी गेले तरी ते बसत नसत. चहा उभ्यानेच बशीतून घेत. मी एकदा कारण विचारले.

"बसलो की लोक दुखणं सोडून गोष्टी सांगतात."

त्यांचे एकच पालुपद होते. मांजराचा मालक टोपली उघडता उघडता म्हणे, "आज बरी आहे, डॉक्टर." त्यावर ते विचारीत, "बरी म्हणजे किती?" माणूस गोंधळे. मग ते एकेक प्रश्न विचारीत. दूध किती वाट्या प्यायली? किती पायऱ्या चढून थांबली? झोपेत असताना मिनिटाला श्वास किती? आकडा आला की तो वहीत उतरे. आकडा नसेल तर वही मिटे आणि मालकाला परत पाठवले जाई. "मोजून या." लोक रागावत. त्यांच्या वहीत मात्र एकही विशेषण नव्हते.

आमची ओळख एका काचेच्या बरणीमुळे झाली. तेव्हा मी अंबरनाथच्या एका कारखान्यात मापे तपासण्याच्या विभागात होतो आणि वसाहतीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. माझी थोरली बहीण, आक्का, वैधव्यानंतर माझ्याकडेच होती. मी लग्न केलेले नव्हते. ऐंशीचे दशक नुकतेच लागले होते. एका रविवारी सकाळी हा अनोळखी गृहस्थ दारात उभा राहिला.

"सामंत तुम्हीच? तुमच्याकडे बारीक माप घेण्याचं साधन आहे असं कळलं."

"कशाचं माप घ्यायचं आहे?"

त्यांनी बरणी पुढे केली. आत औषधी पाण्यात मांजराचे हृदय होते, मध्यावर चिरलेले. कात्रपच्या एका मास्तरांचे ते मांजर सकाळी खेळत होते आणि दुपारी मेले. आक्का आत निघून गेली. मी माझा व्हर्नियर काढला, जबड्यांवर पातळ कागद गुंडाळला आणि डाव्या कप्प्याच्या भिंतीची जाडी घेतली.

"साडेसात मिलिमीटर."

"पुन्हा घ्या."

पुन्हा घेतली. साडेसातच आली.

"असायला किती हवी?" मी विचारले.

"चार. फार तर पाच."

"मग हा नग तपासणीत बाद. आमच्याकडे बाद माल परत भट्टीत जातो."

"माझ्याकडे बाद माल घरी नेतात आणि त्याला दूध पाजतात," डॉक्टर म्हणाले. त्यांना हसताना मी जे दोन-तीनदा पाहिले त्यातली ही पहिली वेळ.

मग त्यांनी उभ्या उभ्याच तो आजार मला समजावून सांगितला. इतक्या सोप्या भाषेत तो मी नंतर कोठेही ऐकला नाही. "हृदय म्हणजे पिशवी. या आजारात पिशवीचं मांस जाड होत जातं. बाहेरून ती मोठी दिसते, आत जागा उरत नाही. ठोके जलद पडतात, रक्त भरायला वेळ मिळत नाही. मागे तुंबतं ते पाणी होऊन फुप्फुसात उतरतं. म्हणून एक गोळी ठोके मंद करायची, म्हणजे पिशवीला भरायला सवड मिळते. दुसरी तुंबलेलं पाणी लघवीवाटे काढायची. तिसरी रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, ती तीन दिवसांतून एकदाच. मांजराच्या अंगातून ती लवकर बाहेर पडत नाही, रोज दिली तर विष. तिन्ही गोळ्या माणसांच्या. मांजरासाठी कोणी केलेल्या नाहीत. त्यातला कण काढून द्यायचा."

"त्याने बरं होतं?"

"नाही. लांबवता येतं."

मालकांनाही ते हेच शब्द सांगत. ते ऐकून किती तरी माणसे टोपली उचलून निघून जात. डॉक्टर त्यांना थांबवत नसत.

त्या दिवसापासून गोळ्यांचे भाग करण्याचे काम माझ्याकडे आले. पात्याने गोळीचे दोन तुकडे नीट होतात, चार बरे होतात, आठ होत नाहीत, चुरा होतो. मी गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून भुकटी करी, तीत दळलेली साखर मिसळी, काचेवर तिची सरळ पट्टी ओढी आणि पट्टीचे मोजून आठ भाग करी. प्रत्येक भागाची एक पुडी. डॉक्टर त्यांतल्या कोणत्याही दोन उघडून शेजारी शेजारी ठेवत, वाकून पाहत आणि काही न बोलता खिशात टाकत. त्यांच्याकडून मिळणारी पसंती एवढीच.

ठोके मंद करणारी गोळी अंबरनाथला हमखास मिळत नसे. ती आम्ही उल्हासनगरला परसराम नावाच्या सिंधी औषधवाल्याकडून आणत असू. डॉक्टर त्याला साईं म्हणत आणि तोही डॉक्टरांना साईंच म्हणे. हृदयाचे औषध म्हटले की तो रोग्याचे नाव लिहून घेई.

"पेशंट का नाम?"

"काळू," डॉक्टर म्हणाले.

"पूरा नाम?"

"काळूच. आडनाव नाही."

"उमर?"

"पाच साल."

परसरामची लेखणी थांबली. "साईं, पाच साल के बच्चे को ये गोली?"

"बच्चा नहीं. बिल्ली है."

परसरामने गोळ्यांच्या पट्टीकडे पाहिले. "मेरी माँ यही खाती है."

"पूरी खाती है?"

"पूरी."

"बिल्ली आठवाँ हिस्सा खाएगी. माँ को मत बताना."

परसराम हसला नाही. त्याने वहीत 'काळू, वय ५' असे लिहिले आणि पट्टी दिली. पुढे त्या वहीत अशी आडनावे नसलेली बरीच नावे जमली.

आणखी एक प्रसंग सांगतो. तो सुखद नाही. कात्रपलाच एका घरी बोलावणे आले तेव्हा मी त्यांच्याबरोबर होतो. एक बोका मागचे दोन्ही पाय फरफटत ओरडत होता. घरच्यांच्या मते त्याला फुरसे चावले होते. कोणी लिंबू उतरवून टाकले होते, कोणी पायांना हळद फासली होती. डॉक्टरांनी त्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटे ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग घरातल्या कर्त्या माणसाला त्यांनी जवळ बोलावले. त्याच्या एका हातात बोक्याचा पुढचा पंजा दिला, दुसऱ्या हातात मागचा.

"सांगा."

"पुढचा ऊन आहे," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "मागचा गार आहे."

"हृदयात गुठळी झाली, ती खाली जाऊन अडकली. पायांना रक्त नाही. मांस मरतंय, म्हणून ओरडतो. हा साप नव्हे."

"औषध?"

"सहा महिन्यांपूर्वी होतं."

सहा महिन्यांपूर्वी या माणसाने बोका ओटीवर आणला होता आणि 'लांबवता येतं' हे शब्द ऐकून टोपली उचलून गेला होता. डॉक्टरांनी त्याला त्याची आठवण करून दिली नाही. त्यालाच ती झाली. त्याने मान हलवून होकार दिला आणि डॉक्टरांनी शेवटचे इंजेक्शन दिले. परतताना मी म्हणालो की सहा महिन्यांपूर्वी त्यांनी थोडे गोड बोलायला हवे होते. ते म्हणाले, "गोड बोलून मांजराच्या पोटात गोळी जात नाही." पण त्या संध्याकाळी त्यांनी ओटीवरचे एकही मांजर तपासले नाही.

आता ठकीविषयी.

ठकी आक्काची मांजरी. काळ्यापांढऱ्या अंगाची, चार वर्षांची. आक्का कोणाशी फार बोलत नसे. जे बोले ते ठकीशी. एके दिवशी जेवताना ती मला म्हणाली, "ठकी खिडकीत उडी मारायला निघाली, वर पाहिलं आणि खाली बसली."

"वय झालं असेल."

"चार वर्षांत?"

पुढच्या आठवड्यात ठकी दोन जिने चढून तोंड उघडे टाकून धापा टाकू लागली. हेंद्रेपाड्याला नेली. डॉक्टरांनी नळी लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "घोडा दौडतो तसा ठोका आहे. रविवारी घरी येतो. झोपेतले श्वास मोजायचे आहेत."

रविवारी दुपारी ते आले. ठकी जागी होती. ती झोपेपर्यंत ते दाराच्या चौकटीला टेकून पाऊण तास उभे राहिले. आक्काने दोनदा पाट मांडला, दोनदा त्यांनी मान हलवली. ठकी झोपल्यावर त्यांनी घड्याळ काढले आणि ओठही न हलवता एक मिनिट तिच्या कुशीकडे पाहिले.

"अठ्ठेचाळीस. तिसाच्या आत हवेत."

मग आक्काकडे वळून त्यांनी नेहमीचे वाक्य म्हटले: बरे होत नाही, लांबवता येते.

"लांबवा," आक्का म्हणाली.

गोळी कडू होती. पहिल्या दिवशी ठकीने फेस काढला. आक्काने मग आपली रीत बसवली. पुडी तुपात कालवून शेंगदाण्याएवढी गोळी करायची, सुक्या जवळ्याच्या भुकटीत घोळवायची, ठकीला पंचात गुंडाळून ती जिभेच्या मुळाशी ठेवायची आणि गळ्यावरून बोट फिरवत राहायचे. सकाळी सात आणि संध्याकाळी सात. आक्काने एकही वेळ चुकवली नाही. डॉक्टर दर रविवारी येऊन श्वास मोजून जात. तीन आठवड्यांनी आकडा सव्वीसवर आला. ठकी पुन्हा खिडकीत बसू लागली. आक्का त्या दिवसांत कामे करताना गुणगुणत असे. मी ते ऐकून न ऐकल्यासारखे करी.

वैशाखात डॉक्टरांना बारवीकडच्या पाड्यांवर गुरांना लस टोचायच्या कामावर पाठवले. पावसाआधी ते उरकायचे असल्यामुळे रविवारची सुट्टीही नव्हती. जाण्याआधी ते मला म्हणाले, "श्वास तुम्ही मोजा. आकडा चिठ्ठीवर लिहून दवाखान्यात ठेवा. मी दिवसाआड तिथे येतो, उत्तर ठेवीन." मी कसे मोजीन हे त्यांनी विचारले नाही. ज्या माणसाने मांजराच्या हृदयाची भिंत मोजली त्याला काय विचारायचे, असेच त्यांना वाटले असणार. मलाही तसेच वाटले.

पहिल्या दुपारी मी घड्याळ लावून बसलो आणि मोजले. छप्पन्न. चिठ्ठी ठेवली. उत्तर आले: 'पाण्याची गोळी आठव्या भागाऐवजी पाव. दोन वेळा.' चार दिवसांनी मोजले. चोपन्न. उत्तर: 'पाव. तीन वेळा.'

आक्का मला म्हणाली, "अरे, ती पाणी फार पिते आहे. आज भांडं तीनदा भरलं. खात काहीच नाही."

"औषधाने लघवी होते, म्हणून पाणी पिते."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. तोंड चिकट झालंय. हे चिठ्ठीत लिही."

"डॉक्टरांना आकडा लागतो."

"आकड्याखाली लिही. एक ओळ."

मी लिहिली नाही. विशेषणे ते वाचत नाहीत हे मला ठाऊक होते, आणि बायकी घबराट कळवणारा माणूस म्हणून त्यांनी मला ओळखावे हे मला नको होते. मी फक्त लिहिले: बावन्न.

या चिठ्ठीला उत्तर आले नाही. डॉक्टर स्वतः आले, लसीकरण सोडून, भर दुपारी. औषध तिप्पट केले तरी आकडा खाली येत नाही, हे त्यांना पटले नव्हते. ठकी मोरीच्या गार फरशीवर पडली होती. त्यांनी वाकून तिची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती उभी राहिली. हिरड्यांवर बोट फिरवले. मग घड्याळ काढून एक मिनिट मोजले.

"सामंत," ते म्हणाले, "मोजा. मोठ्याने."

मी मोजू लागलो. कूस वर गेली, एक. खाली आली, दोन. वर, तीन. खाली, चार. आमच्या विभागात यंत्राच्या दट्ट्याच्या फेऱ्या अशाच मोजत. झीज जातानाही होते आणि येतानाही, म्हणून दोन्ही धरायच्या. तीस वर्षे मी तसेच मोजत आलो होतो. आकडा वीसवर जाण्याआधीच मला डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळले. तरीही मी मिनिट पुरे होईपर्यंत मोजत राहिलो, कारण थांबायचे कसे हे मला सुचले नाही. अठ्ठेचाळीस झाले.

"चोवीस," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे ठकी सबंध पंधरवडा ठीक होती. फुप्फुसात पाणी नव्हतेच. जे नव्हते ते काढण्यासाठी आम्ही तिच्या अंगातले पाणी उपसत राहिलो होतो.

डॉक्टरांनी घड्याळ खिशात टाकले आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसले. त्यांना कोणाच्या घरी बसलेले मी प्रथमच पाहत होतो.

त्यांनी कातडीखाली सलाइन दिले. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन देत राहिले. बारवीचे काम त्यांनी कसे भागवले ते मला माहीत नाही. पण मूत्रपिंडे गेली होती. सलाइन जास्त द्यावे तर हृदय झेपत नाही, कमी द्यावे तर मूत्रपिंडे उघडत नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी ठकी आक्काच्या मांडीवर मेली. तिला त्रास झाला. तो मी येथे लिहीत नाही.

डॉक्टर उभे होते. आक्काने पंचाने ठकीचे तोंड पुसले आणि त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "डॉक्टर, आता आकडा सांगा."

ते म्हणाले, "बाई, चूक माझी. कसं मोजायचं ते मी दाखवलं नाही."

मी तेथेच होतो. चूक माझी, हे वाक्य त्या खोलीत मी म्हणायचे होते. मी म्हटले नाही. आक्काने ते पुढे कधी काढलेही नाही. ती पूर्वीसारखेच वाढत राहिली. फक्त धुण्याचे कपडे असोत की पाहुण्यांची पाने असोत, मोजायचे काम तिने मला पुन्हा सांगितले नाही.

मी हेंद्रेपाड्याला जायचे थांबवले. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी डॉक्टर दारात उभे राहिले. हातात काच, गोळ्यांची पट्टी आणि दळलेल्या साखरेचा डबा होता.

"भागांत चूक नव्हती," ते म्हणाले. "ते तुम्हीच करायचे."

काच टेबलावर ठेवून ते गेले. मी पुड्या बांधल्या.

पुढे ओटीवर गेलो तेव्हा भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेले दिसले: 'वर आणि खाली मिळून एक.' पावसाने पुसले की ते पुन्हा लिहीत. नव्या मालकाला आधी त्या भिंतीसमोर उभे करीत, त्याचा तळवा स्वतःच्या छातीवर ठेवून घेत आणि मोठ्याने मोजायला लावीत. माणसे संकोचत, हसत. एका बाईंनी "अहो, असं परपुरुषाच्या छातीवर…" म्हणून हात मागे घेतला, तर त्यांनी त्यांच्या नवऱ्याला पुढे बोलावून त्याच्या छातीवर मोजायला लावले.

आणखी एक गोष्ट बदलली. 'बरी म्हणजे किती' हा प्रश्न राहिला. आकडा वहीत उतरला की ते पेन न ठेवता दुसरा प्रश्न विचारू लागले: "आणि तुम्हाला काय वाटतं?" मालक जे सांगे ते, कितीही वेडेवाकडे असो, आकड्याखालच्या ओळीत शब्दशः लिहून घेत. 'रुसल्यासारखी वाटते.' 'माझ्या अंगावर यायची, आता येत नाही.' 'डोळ्यांत तेज नाही.' त्यांच्या वह्या विशेषणांनी भरू लागल्या. त्या ओळी ते नंतर वाचत बसलेले मी पाहिले आहेत.

नव्वदनंतर ठोके आवरणारी आणखी एक गोळी परसरामकडे आली. काही मांजरांना ती अधिक मानवली. हेंद्रेपाड्यातलीच एक मांजरी या औषधांवर तीन वर्षे जगली. बाकीची सहा महिने, वर्ष. सगळी मेली. डॉक्टरांनी त्याविरुद्ध कधी शब्द दिलाच नव्हता. निवृत्तीनंतरही ओटी चालू होती, आणि मीही निवृत्त झालो तरी रविवारी काच पुसून बसत होतो.

मग त्यांना जिना चढवेना. मुंबईला तपासणी झाली. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी बातमी स्वतःच दिली.

"मांजराची पिशवी जाड होते. माझी सैल झाली आहे. मांस तेच, बिघाड उलटा."

"औषध?"

"साईंकडच्याच गोळ्या. आता पुड्या बांधायला नकोत. पूर्ण घेतो."

"बरं होईल?" हा प्रश्न माझ्या तोंडून गेला. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुढे काही विचारले नाही.

शेवटचा गेलो तेव्हा नव्वदचे दशक सरत आले होते. निघताना आक्काने एक लहान बाटली हातात दिली. आत घरी कढवलेले तूप होते.

"कशाला?" मी विचारले.

"गोळी कडू असते," ती म्हणाली आणि आत गेली. ठकीनंतर तिने डॉक्टरांचे नाव घेतले नव्हते. तेव्हाही घेतले नाही.

सुनेने दार उघडले. डॉक्टर पाठीमागे तीन उशा लावून खाटेवर होते. पाय सुजलेले, ओठ निळसर. तुपाची बाटली पाहून त्यांनी विचारले, "बाईंनी दिली?" मी मान हलवली. "हृदयाच्या रोग्याला तूप," ते म्हणाले आणि थोडे हसले. बाटली त्यांनी सुनेला ठेवायला दिली नाही. उशीशी ठेवली.

बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. दुपार होती. मी त्यांच्या छातीकडे पाहत राहिलो आणि न ठरवताच माझे मोजणे सुरू झाले. ठकीनंतर मी कोणाचेही श्वास मोजले नव्हते. मिनिट संपले तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते.

"किती?"

"छत्तीस."

"दोन्ही धरून?"

"नाही. वर आणि खाली मिळून एक."

त्यांनी मान हलवली. खाटेखालची वही काढायला सांगितली. आकडा मलाच लिहायला लावला. मी लिहिला आणि टोपण लावू लागलो.

"आणि तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारले.

मी पेन कागदावर टेकवले. बरेच काही लिहिण्यासारखे होते. जे आक्काच्या खोलीत म्हणायचे राहिले तेही होते. डॉक्टर वाट पाहत होते. त्यांना घाई नव्हती. मी पेन उचलले.

"असू दे," ते म्हणाले. "ओळ सोडून ठेवा."

मी एक ओळ सोडली, वही मिटली आणि त्यांच्या हाताखाली ठेवली. त्यांनी दुसऱ्या हाताने खाटेच्या कडेवर थोपटले. तेथे जागा होती. मी बसलो.